पाव विटेसारखा का होतो?

“काका, मी रोज पंचवीस चपात्या लाटते. एकही वाकडी होत नाही. मग पावच का असा होतो?”

चिंचवडच्या आमच्या सोसायटीत जिन्यात उभं राहून शेजारणीने मला हे विचारलं, तेव्हा पुरावा तिच्या हातात होता. तपकिरी, चौकोनी आणि चांगला जड. मी तो घेतला आणि सवयीने बोटांच्या पेरांनी वाजवून पाहिला. आवाज बिडाचा आला.

ही सवय भोसरीच्या फाउंड्रीतली. तिथे तपासणी विभागात माझी पस्तीस वर्षं गेली. साच्यात धातू ओतताना आत वायू अडकला की कास्टिंगमध्ये पोकळी राहते. तिला आम्ही ब्लो-होल म्हणायचो. ब्लो-होल दिसला की जॉब थेट रिजेक्शनच्या लाल पेटीत. आयुष्यभर मी भोकं शोधून माल परत पाठवला आणि निवृत्तीनंतर पाव करायला लागल्यावर कळलं, की इथे भोकं हाच माल आहे. पावाच्या आकारमानाचा मोठा भाग नुसती हवा असते. ती हवा तयार झाली नाही, तयार होऊन निसटली, किंवा भट्टीत जाण्याआधीच थकून बसली, की हातात वीट येते.

म्हणजे प्रश्न तीन आहेत. हवा कोण तयार करतं? ती अडवतं कोण? आणि अडवलेल्या हवेभोवतीची भिंत पक्की कशी होते? पण त्याआधी शेजारणीच्या प्रश्नातल्या चपातीचं उत्तर द्यायला हवं.

१. आजीला न येणारी गोष्ट

चपाती कुणी पुस्तकातून शिकत नाही. कणीक किती सैल हवी, तवा किती तापायला हवा, हे आईच्या आणि आजीच्या हातांकडे बघून कळतं. पावाचं तसं नाही. मराठी घरात पाव कधी झालाच नाही. तो कायम बाहेरून आला.

शब्दही बाहेरचाच. पोर्तुगीज भाषेत ब्रेडला ‘पांव’ म्हणतात. त्याचा आपण पाव केला. पायांनी पीठ तुडवतात म्हणून पाव, किंवा चार तुकड्यांतला एक म्हणून पाव, अशा व्युत्पत्ती ऐकायला मिळतात. त्या गमतीच्या आहेत, पण खऱ्या नाहीत. पोर्तुगीज गोव्यात आले तेव्हा त्यांना ब्रेड हवा होता आणि तो फुगवायला यीस्ट मिळेना. तिथल्या पाववाल्यांनी माडाची सूर वापरली. ताज्या सुरेत रानटी यीस्ट आपोआप वाढलेलं असतं. त्या सुरेवर गोव्याचे पोदेर, म्हणजे पाववाले, पिढ्यान्‌पिढ्या पाव आणि उंडे भाजत आले. तिथून गोव्याचे पाववाले मुंबईला गेले, पाठोपाठ इराणी बेकऱ्या आल्या, आणि पाव घाट चढून पुण्याकडे सरकला.

घाट चढला तरी उंबरठा ओलांडायला त्याला फार वेळ लागला. विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि ते पाणी प्यायलेलं गाव बाटलं, अशा गोष्टी कोकणात सांगितल्या जात. १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा काढली. ही सभा गुप्त होती. जातिभेद मानत नाही हे सिद्ध करायला नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. पावाचा एक घास म्हणजे केवढी परीक्षा! पुण्यात तर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांवरून वादळ उठलं. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि रानडे, टिळक यांच्यासारख्या माणसांमागे प्रायश्चित्ताचा वाद लागला.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की बेकरीत भाजलेला पदार्थ आपल्याकडे बराच काळ घराबाहेरचा होता. तो घरात आला तोही खायला, करायला नाही. घरात भट्टीच नव्हती. माझ्या लहानपणी दिवाळीआधी रवा, पिठीसाखर आणि डालडा घेऊन बेकरीत जायचं, नंबर लावायचा आणि पत्र्याच्या डब्यातून नानकटाई घरी आणायची. साहित्य आपलं, भट्टी बेकरीवाल्याची. आज वडापावावर आपण जगतो, मिसळीबरोबर पुण्यात स्लाइस घेतो. पण आपल्या आजीला पाव येत नव्हता, म्हणून आईला आला नाही आणि म्हणून शेजारणीला जिन्यात उभं राहावं लागलं.

एक गोष्ट मात्र आजीला पक्की येत होती. आंबवणं. इडलीचं पीठ, आंबोळी, विरजण, अनारसे यांत तिचा हात कोणी धरला नसता. पाव शिकताना चपातीपेक्षा ही विद्या जास्त कामाला येते.

२. हवा कोण करतं?

फुलका तव्यावरून आचेवर टाकला की फुगतो. तिथे काम करते ती वाफ. कणकेतलं पाणी एकदम तापतं, वाफ होऊन पसरतं, दोन पापुद्रे वेगळे होतात. हे काही सेकंदांत उरकतं, आणि खाली उतरवला की फुलका बसतो. पावाच्या गोळ्यात हवा तासन्‌तास भरावी लागते आणि ती हजारो बारीक खोल्यांत वाटावी लागते. हे काम यीस्टचं.

यीस्ट ही एकपेशीय बुरशी. बेकरीतल्या यीस्टचं शास्त्रीय नाव सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. दुकानात मिळणाऱ्या सुक्या यीस्टच्या एका ग्रॅममध्ये सुमारे हजार कोटी पेशी असतात, झोपलेल्या. ओलावा आणि ऊब मिळाली की त्या उठतात, पिठातली साखर खातात आणि दोन गोष्टी बाहेर टाकतात: कार्बन डायऑक्साइड वायू आणि थोडा अल्कोहोल. वायूने पाव फुगतो. अल्कोहोल भट्टीत उडून जातो, आणि जाताना तो ओळखीचा वास देऊन जातो.

बुरशी म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्या पिंपरीकरांना मी एच.ए. कंपनीची आठवण करून देतो. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड १९५४ मध्ये पिंपरीत उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने, आणि पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. मोटारी आणि स्कूटरी आल्या त्या नंतर. त्याआधी या गावात प्रचंड टाक्यांमध्ये एका बुरशीला साखर खायला घालून तिच्याकडून औषध काढून घेतलं जात होतं. परातीतला गोळा म्हणजे तीच टाकी, घरगुती मापाची. एच.ए.च्या टाकीत बुरशीने सोडलेलं औषध हवं होतं. आपल्याला यीस्टने सोडलेला वायू हवा आहे. (यावरून शिळ्या पावावर आलेली हिरवी बुरशी औषधी असते, असा निष्कर्ष कृपया काढू नये. ती कोणत्या जातीची आहे हे डोळ्यांना कळत नाही. तसा पाव टाकून द्यावा.)

यीस्ट जिवंत आहे की नाही हे आधी तपासा. अर्धी वाटी कोमट पाणी, चमचाभर साखर, वर यीस्ट. दहा मिनिटांत फेस आला तर ठीक. नाही आला तर मैदा वाया घालवू नका. कोमट म्हणजे किती? बाळाच्या अंघोळीचं पाणी आपण कोपर बुडवून बघतो ना, तेवढंच. साधारण ३५ ते ३८ अंश. पंचावन्न-साठ अंशांना यीस्ट मरतं. शेजारणीने यीस्ट चांगलं ‘उठावं’ म्हणून गॅसवरून उतरवलेल्या दुधात घातलं होतं. तिच्या विटेची अर्धी कहाणी तिथेच संपली होती.

३. हवा कोण अडवतं?

हा प्रयोग प्रत्येकाने एकदा करावा. मैद्याचा लिंबाएवढा गोळा घट्ट मळा, अर्धा तास ठेवा, मग पाण्याच्या वाटीत बुडवून बोटांनी हळूहळू चुरत राहा. पाणी दुधासारखं पांढरं होईल. तो स्टार्च, म्हणजे पिष्ट. पाणी बदलत राहा. शेवटी बोटांत च्युइंगगमसारखा करडा, चिवट तुकडा उरेल. ओढला तर ताणला जातो, सोडला तर मागे येतो. याचं नाव ग्लूटेन. हाच प्रयोग इटलीतल्या बोलोन्याच्या एका प्राध्यापकांनी करून १७४५ मध्ये छापला. त्यांचं आडनाव बेक्कारी. बेकरीच्या इतिहासातला हा बेक्कारी मला फार आवडतो.

कोरड्या गव्हाच्या पिठात ग्लूटेन तयार नसतं. असतात ती दोन प्रथिनं, सुटी सुटी. पाणी मिळालं आणि हात फिरला की ती एकमेकांत गुंफून जाळी तयार होते. यीस्टने सोडलेला वायू या जाळीत फुग्यासारखा अडकतो. ज्वारी-बाजरीत ग्लूटेन नाही, म्हणून भाकरी उकड काढून किंवा पीठ मळून थापावी लागते, आणि म्हणूनच निव्वळ ज्वारीचा फुगलेला पाव होत नाही. इडलीत ग्लूटेन नसूनही हवा टिकते ती उडदाच्या चिकटपणामुळे. आजीने उडीद कमी घातला तर इडली दडस होते, आणि कमजोर मैद्याचा पाव बसतो तोही त्याच कारणाने.

गव्हागव्हांतही फरक आहे. खपलीची जाळी कमजोर. खीर आणि पोळीला छान, पावाला नाही. बन्सी हा रव्या-शेवयांचा गहू. त्याची जाळी ताठ असते, ताणायला नाखूश. आपल्या घरात सहसा येतो तो लोकवन. या नावात जंगल नाही. गुजरातमध्ये भावनगर जिल्ह्यातल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेने काढलेला हा वाण ‘लोक-१’, आणि त्या इंग्रजी एकाचा आपण वन केला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढलेल्या ‘एमएसीएस ६४७८’ या वाणात प्रथिनं १४ टक्क्यांच्या घरात असतात. पण दुकानात मैद्याच्या पाकिटावर वाणाचं नाव नसतं, म्हणून मागची बाजू वाचा. शंभर ग्रॅममागे प्रथिनं १० ते १२ ग्रॅम असतील तो मैदा घ्या. आठ-नऊवाला नानकटाईसाठी ठेवा.

मग चक्कीवरची कणीक का नाही? तिच्यात प्रथिनं भरपूर असतात. पण कोंड्याचे बारीक कडक कण जाळीचे धागे कापत राहतात. शिवाय दगडी चक्कीत स्टार्चचे कण भरडले जातात आणि ते पाणी जास्त पितात. माझा सल्ला: पहिले चार पाव मैद्याचे करा. हात बसला की एक तृतीयांश कणीक, मग निम्मी. पहिल्याच दिवशी शंभर टक्के गव्हाचा ‘हेल्दी’ पाव करायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा बेकरीत भेटतात.

४. शंभराचं गणित

बेकरीवाले सगळं मैद्याच्या वजनावर मोजतात. मैदा म्हणजे १००. बाकी प्रत्येक वस्तू त्याच्या किती टक्के, एवढंच लक्षात ठेवायचं. साध्या पावाला पाणी ६५, मीठ २, यीस्ट १, साखर २, तेल ३.

समजा ३०० ग्रॅम मैदा घेतला. पाणी ३०० × ६५ ÷ १०० = १९५ ग्रॅम. मीठ ६ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा. यीस्ट ३ ग्रॅम. तेही एक सपाट चहाचा चमचाच, कारण ते हलकं असतं. साखर ६ ग्रॅम, तेल ९ ग्रॅम. मैदा ५०० ग्रॅम घेतलात तर आकडे बदलतील, टक्के बदलणार नाहीत. कणीक मिसळलीत तर पाणी ७० पर्यंत न्या. शंभर-दीडशे पानांच्या कृतीच्या पुस्तकापेक्षा ही एक ओळ जास्त उपयोगी पडते, असं माझं मत आहे. त्यासाठी एक डिजिटल काटा मात्र हवाच. वाटीने मोजलेला मैदा दाबून भरला की सैल, यावर वीस टक्क्यांचा फरक पडू शकतो.

मिठाचं काम फक्त चवीचं नाही. ते यीस्टला लगाम घालतं आणि जाळी घट्ट करतं. विसरलात तर पीठ भराभर फुगतं, हाताला चिकटतं आणि पाव मचूळ लागतो. मी एकदा विसरलो होतो. घरच्यांनी सौजन्याने जास्त लोणी लावून खाल्ला.

आता मळणं. इथे चपातीचा हात आड येतो. पाण्याचा हा हिशेब पाहून शेजारीण म्हणाली, “एवढं सैल? हे तर परातीला चिकटतंय.” चिकटू द्या. चपाती लाटायची असते म्हणून तिची कणीक हाताला न चिकटणारी लागते. पावाला लाटायचं नाही, फुगायचं आहे. घट्ट गोळ्याची जाळी ताणलीच जात नाही. वरून सुका मैदा भुरभुरत बसलात तर ६५ चे ५५ कधी झाले ते कळत नाही. शेजारणीने नेमकं तेच केलं होतं. हाताला तेल लावा, मैदा नको.

सगळं नुसतं कालवा आणि झाकून वीस मिनिटं सोडून द्या. कणीक मुरते तशी जाळी निम्मी आपोआप गुंफली जाते. मग दहा मिनिटं तिंबा. आपल्याकडे एखाद्याची कणीक तिंबतात ती रागाने. इथे राग नको, लय हवी. तळव्याने पुढे ढकला, घडी घाला, पाव वळसा फिरवा, पुन्हा ढकला. झालं की नाही हे बघायला सुपारीएवढा तुकडा घ्या आणि ट्यूबलाइटसमोर बोटांनी हळूहळू ताणा. न फाटता इतका पातळ झाला, की पलीकडचा उजेड दिसतो? जाळी तयार. लगेच फाटला तर आणखी पाच मिनिटं.

५. घड्याळ बघू नका

सगळ्यात जास्त विटा इथे तयार होतात.

कृतीत लिहिलेलं असतं, ‘एक तास फुगू द्या.’ आपलं गाव भोंग्यावर चालणारं. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, सायकल टाइम. एक तास म्हटलं की आपण एकसष्टाव्या मिनिटाला हजर. पण यीस्टच्या हाताला घड्याळ नाही. ते तापमानावर चालतं. साधारण हिशेब असा, की दहा अंश उतरले की वेळ दुप्पट लागतो.

मे महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात ३३ अंश असतात. गोळा पन्नास मिनिटांत दुप्पट होतो. डिसेंबरात पहाटे निगडी-तळवड्याकडे पारा दहा-बारापर्यंत उतरतो आणि घरात २० अंश असतात. तेव्हा त्याच गोळ्याला दोन तास, कधी त्याहून जास्त लागतात. शेजारणीने वीट केली ती डिसेंबरात. मोबाइलवर एक तासाचा गजर लावून.

इडलीच्या पिठाचा गजर आपण लावतो का? थंडीत ते पांघरूण घालून ठेवतो, सकाळी झाकण उघडून बघतो, वर आलं नसेल तर म्हणतो, “अजून आलं नाही.” पावाशीही असंच बोलायचं. गोळा दुप्पट झालेला दिसला पाहिजे. सरळ उभ्या डब्यात ठेवून बाहेरून रबरबँड लावला तर अंदाज सोपा जातो. दुसरी खूण बोटाची. बोट मैद्यात बुडवून अर्धा इंच खुपसा. खड्डा टुणकन भरून आला तर थांबा. सावकाश, अर्धवट भरून आला तर झालं. जराही भरला नाही तर उशीर झाला. जाळी ताणून ताणून थकली आहे.

तापमान थोडंफार आपल्या हातात आहे, पाण्यामार्फत. मळलेला गोळा २७ अंशांच्या आसपास असावा. सोपं सूत्र: २७ ची दुप्पट ५४, त्यातून मैद्याचं तापमान वजा करा, उरेल ते पाण्याचं. डिसेंबरात मैदा २० अंश, तर पाणी ५४ − २० = ३४, कोमट. मेमध्ये मैदा ३३, तर पाणी २१, म्हणजे माठातलं गार. हे काटेकोर भौतिकशास्त्र नाही, पण घरापुरतं चालतं.

फ्रिज हा तर यीस्टचा ब्रेक. सेकंड शिफ्टला जाणाऱ्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला मी सांगितलं, यीस्ट निम्मं कर, दुपारी निघण्याआधी मळ, झाकून फ्रिजमध्ये टाक. रात्री येऊन झोप. सकाळी काढून आकार दे. आता तो दर आठवड्याला करतो आणि म्हणतो की चवही सुधारली. बरोबर आहे, गारव्यात वायू सावकाश तयार होतो आणि मधल्या वेळात आंबूस, खमंग चव जमते. फ्रिजचा दुसरा उपयोग गुरुवारचा. आपल्या पट्ट्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, हे मी एकदा विसरलो. ओव्हन तापवायला गेलो तर दिवा लागेना आणि गोळा साच्याच्या काठाशी टेकलेला. फ्रिजही बंद, पण आत अजून गारवा होता. साचा आत सरकवला आणि दार उघडायचं नाही अशी घरात ताकीद दिली. पाव वाचला, थोडा चपटा.

पहिल्यांदा फुगल्यावर गोळा हलके दाबून मोठे फुगे काढा, चौकोनी पसरून चटईसारखा घट्ट गुंडाळा, शिवण खाली ठेवून तेल लावलेल्या साच्यात घाला. आता दुसऱ्यांदा फुगू द्या. साच्याच्या काठाच्या बोटभर वर आला की भट्टीत.

६. भिंत पक्की होते

ओव्हन २०० अंशांवर पंधरा मिनिटं आधीच तापवलेला हवा. गार ओव्हनमध्ये ठेवलेला पाव तापेपर्यंत पसरतो आणि बसतो.

आत गेल्यावर पहिली सात-आठ मिनिटं काचेतून बघण्यासारखी असतात. उष्णतेने वायू पसरतो, पाण्यात विरघळलेला वायूही सुटतो, यीस्ट मरण्याआधी शेवटची धाव घेतं आणि पाव डोळ्यांदेखत वर येतो. मग आतलं तापमान साठच्या पुढे गेलं की यीस्ट संपतं, स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि घट्ट होतात, जशी खळ शिजते तसे. ग्लूटेनची ताणलेली जाळी कडक होते. आता आतला वायू निघून गेला तरी खोल्या राहतात. फाउंड्रीच्या भाषेत, मेटल सेट झालं. वरच्या सालीला दीडशेच्या आसपास रंग चढतो. कांदा परतताना वास सुटतो, त्यातलीच ही क्रिया.

तीस मिनिटं. पंधरा मिनिटांनंतर साचा फिरवा, कारण लहान ओटीजीत मागची बाजू जास्त तापते. डायलवर २०० लिहिलेलं असलं तरी आत १८० असू शकतात किंवा २२०. आम्ही गेज कॅलिब्रेट करून घ्यायचो. तुम्ही निदान एक ओव्हनचा थर्मामीटर आत टांगा. ओव्हन नसेल तर जाड कढईत वाळू किंवा मीठ तापवून, वर जाळी आणि झाकण ठेवून होतं. पाव शिजतो छान, फक्त डोकं पांढरं राहतं. तापलेल्या तव्यावर पाव उलटा ठेवून ते भाजून घ्या.

काढल्यावर साच्यातून सोडवा आणि तळाला बोटांनी वाजवा. इथे मडक्यासारखा पोकळ आवाज पाहिजे. मग जाळीवर ठेवून तासभर कापू नका. आत अजून वाफ फिरत असते. गरम कापलात तर सुरीखाली त्याचा लगदा होतो आणि दोष भाजण्याला जातो. घरात वास सुटलेला असताना हा तास काढणं अवघड असतं, कबूल. आमच्याकडे तो कुणी पूर्ण काढलेला नाही.

७. उरलेला पाव

बेकरीच्या पाकिटावर बारीक अक्षरांत २८२ हा आकडा दिसतो. ते कॅल्शियम प्रोपिओनेट, बुरशी रोखणारं. घरच्या पावात ते नसतं, म्हणून पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत बुरशी येते. फ्रिजमध्ये ठेवला तर बुरशी लांबते पण पाव लवकर शिळा होतो, कारण त्या गारव्यात स्टार्च पुन्हा कडक होऊ लागतो. स्लाइस करून सरळ फ्रीझरमध्ये ठेवा. लागेल तसे तव्यावर गरम करा.

शिळ्या पावाचं काय करायचं, हे पिंपरी कॅम्पात विचारावं. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं इथे वसली आणि त्यांच्याबरोबर ‘सेयल डबल’ आलं. डबल म्हणजे डबलरोटी. तेलात लसूण, हिरवी मिरची, टोमॅटो आणि मूठभर नव्हे, अख्खी जुडी कोथिंबीर वाटून परतायची, पाणी घालून उकळी आणायची आणि त्यात शिळ्या पावाचे तुकडे सोडून झाकण ठेवायचं. तुकडे रस पितात, फुगतात, पण मोडत नाहीत. हे होतं ते भोकांमुळेच.

शेजारणीने तिच्या विटेचंही सेयल करून पाहिलं. रस बाहेरच राहिला. शेवटी तिने ती वीट किसणीवर किसून कटलेटला लावली, आणि जानेवारीत एका रविवारी सकाळी दाराची बेल वाजवून नवा पाव माझ्या हातात दिला. मी तळाला वाजवला. कापून बघायला ती थांबली नाही. घरी दुसरा गोळा फुगत होता.